हरलेल्या माशाने जायचं कुठे?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा आपल्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या मत्स्यालयाच्या दुकानात दोन इंची ऑस्कर, रेड डेव्हिल, ग्रीन टेरर, टेक्सास आणि जॅग्वार हे सिक्लिड कुळातले मासे एकाच टँकमध्ये गुण्यागोविंदाने फिरताना दिसतात. दुकानदार सांगतो, सगळे एकत्र राहतात. त्या वयात ते खरंही असतं. पाच-सहा इंचांचे झाले, वयात आले, की तेच मासे तळाचा एकेक कोपरा आपला म्हणू लागतात. मग एके सकाळी एकाची शेपटी फाटलेली दिसते, दुसरा वरच्या कोपऱ्यात काळवंडून उभा असतो. बरेच हौशी लोक या टप्प्यावर माशाला दोष देतात. मला वाटतं, दोष बहुतेक वेळा मांडणीचा असतो.

हे मासे भांडतात ते जागेसाठी. निकाराग्वातली निकाराग्वा आणि मानाग्वा ही विस्तीर्ण सरोवरं रेड डेव्हिल आणि मायडास सिक्लिडचं घर. तिथेही ते एकमेकांवर धावून जातात, कल्ले फुगवतात, तोंडात तोंड घालून ओढाताण करतात. मात्र हरलेला मासा पळतो आणि दहा-पंधरा फुटांवर गेला की जिंकलेला मागे वळतो. त्याला जागा हवी होती, ती मिळालेली असते. घरातल्या टँकमध्ये हरलेला पळतो, सहा फुटांवर काच येते, आणि जिंकलेल्याच्या नजरेत तो अजून त्याच्या हद्दीतच उभा असतो. पाठलाग संपतच नाही. म्हणून टँक घेण्यापासून खाणं घालण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: हरलेल्या माशाने जायचं कुठे? या लेखातला बहुतेक सल्ला त्या प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

सुरुवात टँकच्या मापापासून. आपल्याकडे दिवाणखान्यात शोभून दिसावा म्हणून उंच टँक करून घेण्याची पद्धत आहे. मोठ्या सिक्लिडसाठी उंचीचा फारसा उपयोग नाही. त्यांची हद्द तळावर आखलेली असते, त्यामुळे लांबी आणि रुंदी महत्त्वाची. 4 फुटी टँकमध्ये यांतला एक मोठा मासा सुखाने राहतो. तीन-चार मोठे मासे एकत्र ठेवायचे तर 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच हे मी किमान माप मानतो. रुंदी अडीच फूट करता आली तर जरूर करा. दीड फूट रुंदीत फूटभर लांबीच्या माशाला धड वळताही येत नाही, आणि समोरून येणाऱ्याला बगल देऊन जाणं तर अशक्यच.

6 बाय 2 बाय 2 म्हणजे 24 घनफूट, काठोकाठ भरल्यास सुमारे 680 लिटर पाणी. 12 मिलिमीटरची काच, लोखंडी अँगलचा स्टँड, दगड आणि वाळू धरून एकूण वजन साडेआठशे किलोच्या आसपास जातं. घरांच्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरभार धरून आखतात. हा टँक जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आत त्याच्या जवळपास चौपट भार टाकतो. स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेतो, त्यामुळे मजबूत इमारतीत भिंतीलगत, खाली बीम असलेल्या जागी असे टँक वर्षानुवर्षं उभे असतात. तरीही खोलीच्या मध्यभागी, बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या भागात किंवा जुन्या लाकडी तुळयांच्या घरात वरच्या मजल्यावर तो ठेवू नका. शंका असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. टँकखाली थर्माकोलची शीट घालायला विसरू नका आणि स्टँड चारही बाजूंनी लेव्हलमध्ये आहे ना, ते पाणी भरण्याआधी तपासा.

आता माशांची निवड. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण निवड रंगावर आणि आकारावर होते, स्वभावावर होत नाही. ऑस्करचंच पाहा. तो फूटभर वाढतो, त्याचं तोंड मोठं, तोंडात मावेल तो मासा तो गिळतो, त्यामुळे तो दादा समजला जातो. प्रत्यक्षात अ‍ॅमेझॉनच्या संथ पाण्यातला हा मासा धिम्या हालचालींचा आणि बऱ्यापैकी सहनशील आहे. बरोबरीच्या आकाराच्या शेजाऱ्याशी तो थोडी धक्काबुक्की करतो आणि सोडून देतो. त्याच्यासोबत रेड डेव्हिल ठेवला तर मार खातो तो ऑस्कर. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतले रेड डेव्हिल, मायडास, जॅग्वार आणि टेक्सास चपळ असतात, हद्दीसाठी हट्टाने लढतात आणि हरलेल्याला सहज सोडत नाहीत. फक्त माप जुळतंय म्हणून या दोन स्वभावांची सरमिसळ करू नका.

मी दोन वेगळ्या वाटा सुचवीन. पहिली वाट दक्षिण अमेरिकेची: एक ऑस्कर, एक सेव्हरम, आणि सिल्व्हर डॉलरचा पाच-सहा जणांचा थवा. ही सोबत टिकण्याची शक्यता खूप आहे आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी. दुसरी वाट तापट माशांची: एक ग्रीन टेरर, एक जॅक डेम्प्सी, एक टेक्सास, सोबत सिल्व्हर डॉलर किंवा टिनफॉइल बार्ब. ग्रीन टेरर मुळात इक्वेडोर आणि पेरूचा, पण स्वभावाने या दुसऱ्या गटात बसतो. जॅक डेम्प्सी आणि ग्रीन टेरर आठ-दहा इंचांचे होतात, टेक्सास त्याहून थोडा मोठा. जॅक डेम्प्सीला 1919 ते 1926 या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याचं नाव मिळालं आहे, तरी या तिघांत बहुधा तोच दबून राहतो. त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवा.

रेड डेव्हिल आणि मोठा नर जॅग्वार यांना मी 6 फुटी टँकमध्ये सोबत देणार नाही. काही जणांचं जमतं, हे मान्य. पण ते त्या एका माशाच्या स्वभावामुळे जमलेलं असतं आणि त्याच्या भरवशावर विकत घेणं योग्य नाही. डोव्हाय म्हणजे वुल्फ सिक्लिड 2 फुटांच्याही पुढे वाढतो, तो घरगुती टँकचा मासाच नव्हे. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा. हा निसर्गात कुठेही नसलेला, 1990 च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडच्या संकरातून घडवलेला मासा आहे. त्याच्यात मध्य अमेरिकी माशांचा तापटपणा पुरेपूर उतरला आहे. शुभ मानून तो घरी आणणाऱ्यांनी त्याला त्याचा स्वतंत्र 4 फुटी टँक द्यावा. माणसाकडे धावत येणारा आणि हातातून खाणारा तो एकटा मासाही घराला भरपूर आनंद देतो.

निवडीचे आणखी काही नियम, यांच्याशी तडजोड करू नका. एका जातीचा एकच सिक्लिड ठेवा, कारण सर्वांत कडवं वैर स्वजातीशी असतं. दिसायला सारखे दोन मासे, उदाहरणार्थ दोन भगवे किंवा दोन ठिपकेदार, टाळा. सारख्या दिसणाऱ्यालाही ते स्वजातीय समजतात. शक्य तितके सगळे नरच घ्या किंवा निदान एकाच जातीची नर-मादी तरी घेऊ नका. जोडी जमली की टँकचं सगळं गणित बदलतं: अंडी घालण्यासाठी एक सपाट दगड निवडला जातो, नर-मादी मिळून त्याभोवतालची अर्धी जागा साफ करतात आणि उरलेले मासे दुसऱ्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यात कोंडले जातात. पिल्लांची राखण करणाऱ्या जोडीशी वाद घालण्यात अर्थ नाही; जोडी किंवा बाकीचे, यांपैकी एकाला दुसरीकडे हलवावंच लागतं. लहानपणी नर-मादी ओळखणं कठीण असतं. जॅक डेम्प्सीच्या मादीच्या खालच्या जबड्यावर आणि कल्ल्यांच्या झाकणावर निळी झाक जास्त असते, ही एक खूण उपयोगी पडते.

रंगाचाही परिणाम होतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज बार्लो यांनी मायडास सिक्लिडचा दीर्घकाळ अभ्यास केला. या जातीतले बहुतेक मासे राखाडी पट्टेरी असतात, थोडे सोनेरी-भगवे होतात. सारख्याच मापाच्या राखाडी माशावर सोनेरी मासा वरचढ ठरतो, असं त्यांना दिसलं. दुकानात आपण नेमका भगवाच उचलतो. तो उचलायला हरकत नाही, पण त्याचा शेजारी त्याच्याहून थोडा मोठा असू द्या.

थव्याशिवाय दोनच मासे ठेवू नका. दोघांत जो दुबळा, त्याच्या वाट्याला सगळा राग येतो. तीन असले तरी बहुधा एकालाच बळी बनवलं जातं. एक तर एकच ठेवा, नाही तर दोघा-तिघांना थव्याची सोबत द्या. वर-मध्ये फिरणाऱ्या सिल्व्हर डॉलरच्या थव्याचा फायदा इथेच आहे. ते तळावर हक्क सांगत नाहीत, चपळ असतात, आणि सिक्लिडचं लक्ष विभागून घेतात. थवा मोकळेपणाने फिरतोय हे पाहून लपलेले मासेही बाहेर येतात. मात्र हे सोबती किमान चार इंची हवेत, नाही तर ते खाद्य ठरतात. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या छोट्या सिक्लिडना दाटीवाटीने ठेवून भांडण विरतं, हे ऐकून काही जण इथेही दहा-बारा मोठे मासे कोंबतात. फूटभर माशांच्या बाबतीत तेवढी घाण कुठलाही घरगुती फिल्टर पेलत नाही. तो मार्ग धरू नका.

सजावटीला मी सजावट म्हणतच नाही, त्या भिंती आहेत. टँकच्या एका टोकाला उभं राहिलेल्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. मोठं ड्रिफ्टवुड किंवा दगडांचा ढीग अर्ध्या पाण्याच्या उंचीपर्यंत येईल असा, तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे टँकच्या तीन खोल्या होतील. लपायच्या जागा माशांच्या संख्येहून जास्त हव्यात आणि प्रत्येकीला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या गुहेत शिरलेला मासा आत अडकतो आणि तिथेच मार खातो. सहा-आठ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे यासाठी उत्तम. दिसायला साधे, पण काम चोख. मोठे दगड वाळूवर न ठेवता आधी थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ प्लास्टिकची जाळी घालून बसवा आणि मग वाळू पसरा. हे मासे वाळू उपसतात, आणि वाळूवर रचलेला दगड घसरला तर काच जाते. रोपं लावण्याचा खटाटोप करू नका, ती उपटली जातील. काचेचा हीटर टँकमध्ये उघडा ठेवू नका, धडकेने फुटतो. तो संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, बसवा किंवा त्यावर जाळीचं आवरण घाला. मुंबई-कोकणात हीटर क्वचितच लागतो, नाशिक-नागपूरच्या हिवाळ्यात लागतो. पाणी 25 ते 28 अंशांत राहिलं की पुरे. झाकण मात्र जड आणि घट्ट हवं, कारण पाठलागात सापडलेला मासा पाण्याबाहेर उडी मारतो.

मासे आणण्याआधी टँक चार ते सहा आठवडे चालू ठेवून फिल्टरमध्ये जिवाणूंची वसाहत तयार होऊ द्यावी लागते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत एकही मासा सोडू नका. टेस्ट किटवर खर्च करा. तासाला टँकचं पाणी पाच-सहा वेळा फिरवेल असा संप किंवा दोन कॅनिस्टर फिल्टर लागतील. दोन कॅनिस्टर मला जास्त पसंत आहेत, एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो.

पाणी बदलण्याची तयारी नसेल तर हा छंद सुरूच करू नये, इतकं ते महत्त्वाचं आहे. आठवड्याला 40 टक्के म्हणजे सुमारे 250 लिटर पाणी लागतं. ज्या सोसायटीत दिवसातून तासभर पाणी येतं किंवा उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे हा हिशोब आधी घरच्यांसोबत बसून करा. नायट्रेट 40 पीपीएमच्या वर जाऊ लागला की मासे चिडचिडे होतात, त्यांची भूक मंदावते आणि ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडायला लागतात. काढलेलं पाणी वाया घालवू नका. झाडांना ते उत्तम खत आहे. पालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतो, त्यासाठी डीक्लोरिनेटर वापरा. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो, पण क्लोरामिन असेल तर तो तसा उडत नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं मऊ पाणी मिळतं. टेक्सास किंवा जॅग्वारसारख्या कठीण पाण्यातल्या माशांसाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा किंवा कोरलचा चुरा पिशवीत घालून ठेवावा. मराठवाड्यातलं बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं, पण शेतीच्या भागात बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच जास्त असू शकतो, म्हणून नळातून येणारं पाणीही तपासा.

वीज गेली की मोठे मासे लवकर गुदमरतात, उन्हाळ्यात तर फारच लवकर, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. कॅनिस्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतलं साचलेलं, प्राणवायू संपलेलं पाणी टँकमध्ये जातं. आधी ते ओतून टाका, फिल्टरमधलं माध्यम टँकच्याच पाण्यात खळबळवा, मग सुरू करा.

शक्य झालं तर सगळे मासे लहान असतानाच एकत्र आणा आणि एकत्र वाढू द्या. मोठ्या माशांत नवा मासा सोडायचा असेल तर त्या दिवशी दगड आणि लाकडं उचलून त्यांची जागा बदला. जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच एका अर्थाने नवे होतात. जुन्यांना आधी पोटभर खाऊ घाला, दिवे मालवा आणि मग सोडा. त्याहून सुरक्षित पद्धत म्हणजे भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकची आडवी भिंत घालून आठवडाभर त्यांना एकमेकांना नुसतं पाहू देणं. सर्वांत तापट मासा सर्वांत शेवटी यावा.

खाण्यात चांगल्या प्रतीचे पेलेट हा मुख्य आहार. अधूनमधून सोललेली कोळंबी किंवा गांडूळ. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस सोडा: त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमध्ये ब जीवनसत्त्वाचा एक घटक नष्ट करणारं द्रव्य असतं. त्याने सिक्लिड शूर होत नाही, आजारी होतो. बोकडा-गाईचं मांसही नको, त्यातली चरबी त्यांना पचत नाही. पेलेट टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. दादा एका टोकाला गुंतलेला असताना दुबळ्याला दुसऱ्या टोकाला दोन घास मिळतात.

आणि रोज पाच मिनिटं नुसतं बघा. बहुतेकांची नजर दादावर असते, तो देखणा असतो. तुम्ही सर्वांत दुबळ्या माशाकडे बघा, कारण टँकची खरी स्थिती त्याच्या अंगावर लिहिलेली असते. थोडी फाटलेली शेपटी, अधूनमधून कल्ले फुगवणं, दोन-चार मिनिटं तोंडात तोंड घालून ओढणं, हे चालायचं. पाठलाग होतो आणि पाठलाग करणारा मध्येच वळून परत जातो, तर टँक ठीक आहे. तो वळत नाही, दगडामागे जाऊनही शोधून काढतो, तर वेळ संपली. पळणारा मासा वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या पाइपमागे उभा राहतो, अंग काळपट होतं, पर मिटलेले, खायला खाली येत नाही, श्वास भराभर चालतो. यांतली दोन लक्षणं दिसली की त्याच दिवशी त्याला काढा. ‘उद्या सकाळी बघू’ म्हटलं तर रात्रीत त्याचा जीव जातो.

यासाठी दुसरा टँक हवाच. 3 फुटी, साधा, स्पंज फिल्टर लावलेला, चालू स्थितीत असलेला. पहिला मासा आणण्याआधी हा उभा करा. जखमी माशाला तिथे स्वच्छ पाणी, अंधुक उजेड, आणि दर 10 लिटरला 10 ते 20 ग्रॅम आयोडीन नसलेलं खडा मीठ एवढंच बहुतेक वेळा पुरतं. फाटलेले पर काही आठवड्यांत भरून येतात. ऊठसूट औषधं घालू नका. बरा झालेला मासा त्याच टँकमध्ये, त्याच मांडणीत परत सोडायची घाईही करू नका. दादालाच काही दिवस बाहेर काढून मग दोघांना एकत्र सोडलं तर समीकरण कधी कधी बदलतं.

कधी काही केल्या जमत नाही. ऑस्कर दहा वर्षांहून जास्त जगतो, बाकीचेही बरीच वर्षं. एवढ्या काळात एखादा मासा द्यावा लागण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी दुकानदाराशी बोला, मोठा टँक असलेला दुसरा हौशी शोधा, त्याच्याकडे नीट जागा आहे ना हे स्वतः जाऊन पाहा. त्याला बाहेरच्या पाण्यात सोडणं मात्र पर्याय नाही. उजनीच्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यात भरून येणारी चिलापी हीदेखील सिक्लिडच आहे. आफ्रिकेतला हा मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि अंड्या-पिल्लांची राखण करण्याच्या याच सिक्लिडी गुणावर तो देशभराच्या पाण्यात पसरला. त्याची किंमत आपले देशी मासे मोजत आहेत. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तो आपल्या खाड्यांमधला पर्लस्पॉट हा आपला स्वतःचा सिक्लिड आहे, त्याच्या पाण्यात जॅग्वार किंवा फ्लॉवरहॉर्न नको. तुमचा मासा कितीही नकोसा झाला तरी तो नदीत, तलावात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका.